नखानं उघडेल असा फोन काढा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडे भविष्यातल्या मोबाईलवर पानभर लेख आला होता, घडी घालायचा फोन, कागदासारखा पातळ फोन, आपल्या मनातलं ओळखणारा फोन वगैरे. मी तो दुकानात बसून वाचला, एका हातात पेपर आणि दुसऱ्या हातात हीट गन, कारण समोर एक फोन पालथा पडलेला आणि त्याचं मागचं झाकण काही केल्या सुटत नव्हतं. लेख वाचून संपला तरी झाकण तिथंच. म्हणलं आता आपणच पत्र लिहू, कारण फोन कसा असावा हे कंपनीवाले सांगतात, यूट्यूबवाले सांगतात, तुमचे लेखकही सांगतात, पण दिवसाला पंधरा-वीस फोन उघडून आत बघणाऱ्या माणसाला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

मी पिंपळगाव बसवंतला मोबाईल रिपेअरिंग करतो. स्टँडजवळ सहा बाय आठचा गाळा आहे, एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर, दोन ट्विझर आणि एक स्टूल, आणि २००४ पासून हेच चालू आहे. गिऱ्हाईक म्हणजे मार्केटातले हमाल, टोमॅटो-कांद्याचे शेतकरी, द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या बायका, ट्रकवाले, कॉलेजची पोरं. त्यामुळे मी जो फोन सांगणार आहे तो यांच्या हातातला आहे, मुंबईच्या मॉलमधला नाही हे आधीच सांगतो.

तर तो पालथा पडलेला फोन. तो होता एका मावशींचा. खळ्यावर कांदे निवडायचं काम करतात, वय साठीच्या आसपास, फोन नऊ हजाराचा, पोरानं दिवाळीला घेऊन दिलेला, तीन वर्षं झाली. बॅटरी फुगली होती, इतकी की टेबलावर ठेवला की फोन भोवऱ्यासारखा फिरायचा. आता बॅटरी फुगणं हा काही कोणाचा गुन्हा नाही, लिथियमची बॅटरी ती, पाचशेच्या आसपास वेळा पूर्ण चार्ज झाली की तिचा दम कमी होणारच आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावून ठेवली की अजून लवकर. टायर झिजतो तशी ती झिजते. पण टायर बदलायला आपण गाडीची बॉडी कापत नाही ना. इथं तेच करावं लागतं. मागचं पॅनेल गोंदानं चिकटवलेलं, ते गरम करायचं, आणि आत फुगलेली बॅटरी असताना गरम करायचं म्हणजे जीव मुठीत धरून, मग कडेनं प्लास्टिकचं कार्ड सारत सारत जायचं, मग खाली बॅटरीही गोंदानं चिकटवलेली, तिथं थेंब थेंब आयपीए, म्हणजे गोंद सोडवणारं अल्कोहोल, सोडून वाट बघायची, लोखंडी काही लावायचं नाही कारण बॅटरीला भोक पडलं की धूर आणि जाळ. या सगळ्यात पॅनेल कोपऱ्यात तडकलं. बॅटरीचे सातशे, पॅनेलचे अडीचशे, आणि माझी मजुरी मी अर्धीच घेतली कारण तडकलं ते माझ्या हातून.

मावशी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दादा, बॅटरीतले सेल बदलतो तसं याचं का नाही रे करत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे आहे, पण ते मावशींना सांगण्यासारखं नाही. उत्तर असं आहे की बदलता येत होतं, मुद्दाम बंद केलं.

तुमच्या वाचकांत चाळिशी ओलांडलेले जे कोणी असतील त्यांना नोकियाचा ११०० आठवत असेल. २००३ साली आला, जगात पंचवीस कोटींच्या वर विकला गेला, तेवढा खपलेला फोन आजही शोधून सापडायचा नाही. त्यात काय होतं? रंगीत स्क्रीन नव्हती, कॅमेरा नव्हता. धूळ आत जाऊ नये म्हणून सगळ्या बटणांवर एकच सलग रबरी कातडं होतं, घामट हातातून सटकू नये म्हणून कडा खरखरीत होत्या, आणि डोक्याला टॉर्च होता. वजन नव्वद ग्रॅमच्या आत. म्हणजे डिझाईन करणारा माणूस धूळ, घाम आणि अंधार या तीन गोष्टी बघून आला होता, हे फोन हातात घेतल्यावर कळायचं. आणि मागचं झाकण नखानं उघडायचं. आत बीएल-५सी नावाची बॅटरी, जी नोकियाच्या कितीतरी मॉडेलला एकच चालायची. माझ्याकडे आजही त्या बॅटऱ्यांचा डबा भरलेला असतो आणि आजही विकल्या जातात, फोनसाठी कमी आणि त्या छोट्या भजनाच्या स्पीकरसाठी जास्त. वीस वर्षांपूर्वीची बॅटरी आज दुकानात मिळते, आणि तीन वर्षांपूर्वीच्या मावशींच्या फोनची बॅटरी मला नाशिकला तीन दुकानं फिरून मिळाली, तीही ओरिजिनल की डुप्लिकेट देव जाणे.

म्हणून माझ्या फोनची पहिली अट ही. मागचं झाकण नखानं उघडलं पाहिजे आणि बॅटरी ठरलेल्या मापाची पाहिजे. पेन्सिल सेलला जसं माप ठरलेलं असतं, कुठल्याही कंपनीचा घ्या, घड्याळात बसतोच, तशी फोनच्या बॅटरीची तीन मापं सरकारनं ठरवून द्यावीत, लहान, मधली, मोठी. मग फोन कोणाचाही असू दे.

यावर पोरं लगेच म्हणतात की काका, झाकण उघडणारं केलं तर पाणी जाईल, वॉटरप्रूफ राहणार नाही. हे मी दहा वर्षं ऐकतोय. सॅमसंगचा एस५ आला होता २०१४ ला, त्याचं मागचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी हातानं काढता यायची, आणि तो आयपी६७ होता, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायचा. झाकणाला आतून एक रबराची कड होती, बस. डब्याच्या झाकणाला असते ना, तीच आयडिया. जाडी आठ मिलिमीटरच्या जरा वर, म्हणजे आजच्या फोनएवढीच. तेव्हा जमलं तर आता न जमायला काय झालं? आणि खरं सांगू का, माझ्याकडे पाणी गेलेले जे फोन येतात त्यातले निम्मे पावसाचे नसतातच, घामाचे असतात. बाया फोन पोलक्यात ठेवतात, माणसं बनियनच्या खिशात. दिवसभर घाम मुरतो, आधी माईक जातो, मग चार्जिंगची पट्टी. फोनच्या आत एक बारीक पांढरं स्टिकर असतं, ओल लागली की लाल होतं, ते लाल दिसलं की वॉरंटी गेली. एका पोराचा चार महिन्यांचा फोन असाच सर्व्हिस सेंटरनं परत पाठवला, लिक्विड डॅमेज म्हणून, तो पोरगा बिचारा शपथ घेऊन सांगत होता की पाण्यात पडला नाही. नव्हताच पडला. तो फक्त मे महिन्यात काम करत होता.

दुसरी गोष्ट टचची. संपादक साहेब, एकदा टोमॅटो खुडणाऱ्या माणसाचे हात बघा. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की आधी पिवळट हिरवं काहीतरी चिकटतं आणि तासाभरात काळं होतं, साबणानं जात नाही, अख्ख्या सीझनभर बोटं काळी. वरून कातडी जाड झालेली, भेगा पडलेल्या. टच स्क्रीनला बोट कळतं ते बोटातून जी बारीकशी वीज ओढली जाते त्यावरून, कातडी कोरडी आणि जाड असली की तिला बोट कळतच नाही. माणूस दाबतो, अजून जोरात दाबतो, आणि जोरात दाबून टचला काही फरक पडत नसतो, फक्त काच फुटते. फोन वाजतोय, हिरवं चिन्ह सरकवायचंय, सरकत नाही, कट होतो. मग तो माझ्याकडे येतो, टच खराब झालाय म्हणून. मी माझ्या बोटानं फिरवून दाखवतो, चालतोय की. तो माझ्याकडे असा बघतो की जणू मी जादू केली. फिंगरप्रिंटचं तर नावच काढू नका, रेशन दुकानात ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांचा फोनवर काय उठणार.

म्हणून माझ्या फोनला स्क्रीन मोठी असू दे, टचही असू दे, पण खाली दोन खरीखुरी बटणं पाहिजेत, एक हिरवं एक लाल. फोन उचलायचा, ठेवायचा. एवढंच. दाबलं की बोटाला कळलं पाहिजे. २००७ ला आयफोन आला आणि बटणं जुनाट ठरली, सगळ्यांनी त्यांचं बघून काढून टाकली, ठीक आहे, पण ज्या हातांसाठी ती काढली ते हात वेगळे होते. जिओनं २०१७ ला दीड हजार डिपॉझिट घेऊन बटणांचा ४जी फोन काढला तेव्हा आमच्याकडे केवढी गर्दी उसळली होती, त्यावरून कोणाला तरी कळायला हवं होतं.

तिसरं बटण टॉर्चचं. यावर मी वाद घालायला तयार नाही. आमच्याकडे शेतीची लाईट कितीतरी वेळा रात्रीची असते, माणूस रात्री दोनला मोटर चालू करायला उसाच्या कडेनं जातो आणि निफाड तालुक्यात उसात बिबट्या असतो हे तुमच्याच पेपरात महिन्याआड छापून येतं. त्या वेळी आधी लॉक उघडा, मग वरून पडदा ओढा, मग चार चित्रांतनं टॉर्च शोधा हे कोणाला जमणार? आता यावरून आठवलं, संकटाच्या बटणाचा नियम आहे आपल्याकडे. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला पॅनिक बटण सक्तीचं आहे, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा दाबायचं. नियम चांगलाय. पण मी गिऱ्हाईकाला विचारतो तेव्हा शंभरात एकालाही माहीत नसतं, कारण बटणावर तसं काही लिहिलेलंच नाही. लाल रंगाचा एक ठिपका तरी काढायचा तिथं.

चौथं चार्जिंगचं भोक. हे लोकांना फार किरकोळ वाटतं पण माझा निम्मा धंदा त्याच्यावर चालतो. कांद्याची पात वाळली की तिचा जो भुगा उडतो ना, पातळ पापुद्र्यासारखा, तो त्या भोकात जाऊन बसतो, वरून चार्जरची पिन घातली की अजून आत दाबला जातो, असं महिने दोन महिने झालं की पिन पूर्ण बसत नाही आणि चार्जिंग होत नाही. मी टूथपिकनं काढतो, अक्षरशः वाटाण्याएवढा बोळा निघतो. कधी कधी पैसेच घेत नाही त्याचे, बोळा दाखवला की माणूस हसायला लागतो आणि जाताना टेम्पर ग्लास तरी टाकून घेतो. माझ्या फोनला त्या भोकावर रबराचं बूच असेल, दोरीनं बांधलेलं, हरवणार नाही असं, आणि ते भोक मेन बोर्डावर नसून वेगळ्या छोट्या पट्टीवर असेल, दोन स्क्रू काढले की पट्टी बाहेर. ही पट्टी आत्ताही कितीतरी फोनमध्ये वेगळी असते, चांगली सोय आहे, जे चांगलंय ते चांगलंय म्हणावं. टाईप-सी सगळीकडे एकच झालं हेही बरं झालं. युरोपनं २०२४ च्या डिसेंबरपासून सक्ती केली आणि आयफोनवाल्यांनीही मुकाट्यानं तीच पिन घेतली.

युरोपचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथं नियम झालाय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोनसारख्या वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्या माणसाला स्वतःला काढता आली पाहिजे. फोनवाल्यांना त्यात पळवाटा आहेत, बॅटरी हजार चार्जिंगनंतरही ऐंशी टक्के टिकत असेल आणि फोन वॉटरप्रूफ असेल तर सूट आहे, पण निदान कोणी तरी तोंड उघडलं. फ्रान्समध्ये २०२१ पासून २०२५ पर्यंत दुकानात फोनच्या किमतीशेजारी दहापैकी मार्क लिहिलेले असायचे की हा दुरुस्त करायला किती सोपा. हॉलंडची फेअरफोन नावाची कंपनी तर असा फोन विकतेच, बॅटरीसकट सगळं एका स्क्रूड्रायव्हरनं निघतं, म्हणजे हे माझं स्वप्नरंजन नाही, वस्तू बाजारात आहे. महाग आहे आणि आपल्याकडे मिळत नाही एवढंच. आपल्या सरकारनंही २०२२ च्या ग्राहक दिनाला राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, मार्क देण्यासाठी समिती नेमली, २०२५ च्या मे महिन्यात समितीनं अहवालही दिला. आता ते मार्क खोक्यावर कधी दिसतात ते बघायचं. माझं म्हणणं असं की मार्क द्यायला एखादा आमच्यासारखा माणूस बसवा, हातात फक्त एक स्क्रूड्रायव्हर द्या आणि घड्याळ लावा. पाच मिनिटात बॅटरी निघाली तर दहा मार्क, हीट गन मागितली की पाच कापा, फोन तडकला की भोपळा.

मराठीबद्दलही लिहायचंय. नियमानं आता फोनवर आपल्या बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत, त्या येतात, चौकोन चौकोन दिसायचा जमाना गेला. पण लिहायला बसलं की काही कीबोर्डवर ळ कुठंय? ल दाबून धरला की वर येतो असं पोरगं सांगतं, मावशीला कोण सांगणार? माझ्या ओळखीचा एक म्हातारा दोन वर्षं सगळ्यांना 'सकाल झाली का' पाठवत होता. ळ ला कीबोर्डवर स्वतःची जागा पाहिजे, मागच्या दारानं नको. आणि फोनमध्ये मराठी भाषा लावून दिली की आठवड्याभरात माणूस परत येतो, इंग्रजी करून द्या म्हणतो, कारण ती मराठी कोणाला कळतच नाही, आपण घरात असं कोणीच बोलत नाही. सेटिंगची मराठी लिहायला एखाद्या शिकलेल्या आजीला बसवा, महिन्याभरात करून देईल.

कॅमेऱ्यावरून माझं आणि माझ्या पोराचं भांडण झालं. मी म्हणलं एक कॅमेरा पुरे. तो म्हणाला पप्पा, द्राक्षाच्या पानावर डावणी रोग आला की शेतकरी फोटो काढूनच औषधवाल्याला पाठवतो ना, तो फोटो पुसट आला तर चुकीचं औषध जाईल. पोरगं बरोबर बोललं. तर कॅमेरा चांगला पाहिजे, एकच पण चांगला, जवळचं नीट दिसणारा. आणि तो मागून फुगवटा आल्यासारखा बाहेर नको, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतो आणि पहिला ओरखडा तिथंच पडतो. फोन त्या फुगवट्याएवढा जाड करा आणि उरलेल्या जागेत बॅटरी मोठी बसवा. पातळ फोन कोणी मागितला होता हेच मला आजवर कळलेलं नाही, माझ्याकडून जो माणूस पातळ फोन घेऊन उतरतो तो पुढच्या दुकानात जाऊन त्याला जाड कव्हर घालतो.

हेडफोनचं गोल भोकही परत द्या. २०१६ ला आयफोननं काढलं, मग एकेकानं काढलं. त्या वायरीचाच एरियल होऊन एफएम लागायचं, भोक गेलं तसा रेडिओही गेला.

आता लोक म्हणतील याचा धंदाच रिपेअरिंगचा, फोन सहज उघडायला लागले तर हाच उपाशी मरेल, मग हा कशाला ओरडतोय. घरीही हेच विचारलं मला. उलटं आहे. चिकटवलेल्या फोनमध्ये काम सातशेचं आणि रिस्क चार हजाराची, उघडताना फोल्डर, म्हणजे स्क्रीनचा अख्खा संच, गेला तर तो मी भरून द्यायचा, गेल्या वर्षी असे अकरा भरून दिलेत, वहीत लिहिलेत. आणि आता नवीनच निघालंय, काही कंपन्यांच्या फोनमध्ये पार्ट ओरिजिनल टाकला तरी फोन ओळखत नाही, प्रत्येक पार्टाचा नंबर बोर्डाशी बांधलेला असतो, स्क्रीन बदलली की वर पट्टी येते की हा पार्ट अनोळखी आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २०२४ ला कायदा करून हे बंद पाडायला घेतलं. आपल्याकडे अजून तशी पट्टी आली की गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयानं बघतं, की यानं डुप्लिकेट टाकलं.

किंमत म्हणाल तर दहा हजाराच्या आत बसवा. वरच्या सगळ्या गोष्टीत महाग असं काहीच नाही, रबराचं बूच, चार स्क्रू, तीन बटणं आणि एक ळ.

मावशींचा फोन झाला दुरुस्त. पॅनेल त्या रंगाचं मिळालं नाही म्हणून निळ्या फोनला काळं टाकलं, त्यांना काही वाटलं नाही, म्हणाल्या दृष्ट लागायची नाही. जाताना मात्र परत एकदा विचारलं, पुढच्या वेळेला बॅटरी घरीच बदलता येईल असं काही करता येतं का. मी म्हणलं पेपरात लिहून बघतो.

आपला,
एक मोबाईल रिपेअरवाला, पिंपळगाव बसवंत, ता. निफाड

(नाव छापू नये ही विनंती, मार्केटातली पोरं महिनाभर चिडवतील.)